साखरेचा हिशेब लागतो, मग पाण्याचा का नाही?

साखर कारखान्यात काहीही वाया जात नाही, असं वार्षिक सभेत प्रत्येक अध्यक्ष सांगतो आणि मंडपातले सभासद माना डोलावतात. मी नोकरीची सगळी वर्षं सांगली-कोल्हापूर-सोलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या लॅबोरेटरीत काढली आणि चीफ केमिस्ट म्हणून निवृत्त झालो. अध्यक्षांचं हे वाक्य बऱ्यापैकी खरं आहे, अशी साक्ष मी देईन. गव्हाणीत एक टन ऊस पडला की त्यातून १०० ते ११० किलो साखर निघते, २८० ते ३०० किलो बगॅस, ३० ते ४० किलो प्रेसमड आणि ४० ते ४५ किलो मळी. बगॅस बॉयलरला जातो आणि त्यावर वीज होते. मळी डिस्टिलरीत जाते. प्रेसमड शेतात जातो, अलीकडे काही ठिकाणी गॅसच्या प्रकल्पात. बॉयलरची राखसुद्धा कुणीतरी ट्रॉली लावून नेतं.

पण या आकड्यांची एकदा बेरीज करून बघा. ओढूनताणून केली तरी ती पाचशे किलोंच्या पुढे सरकत नाही. टनातला उरलेला निम्मा भाग कुठे गेला, हे सभेत कुणी विचारत नाही. ते पाणी असतं.

उसात वजनाच्या सुमारे ७० टक्के पाणी असतं. दिवसाला ५००० टन गाळप करणाऱ्या कारखान्यात रोज ३५ लाख लिटर पाणी नुसत्या उसाबरोबर आत येतं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे धावली, ती अजून सगळ्यांच्या लक्षात असेल. ५० वाघिणींच्या एका फेरीत २५ लाख लिटर पाणी जायचं. म्हणजे एका मध्यम कारखान्याच्या गेटमधून दररोज दीड रेल्वेच्या आसपास पाणी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांवरून आणि बैलगाड्यांवरून आत येतं, आणि त्याची नोंद कुठल्याही रजिस्टरात ‘पाणी’ म्हणून होत नाही. त्या दुष्काळाच्या हंगामात मराठवाड्यातल्या कारखान्यांना धरणाचं पाणी द्यावं की नाही, यावर मोठा वाद झाला. वाद रास्तच होता. फक्त उसातून आलेल्या पाण्याचं कारखाने काय करतात, हा प्रश्न त्या वादात माझ्या तरी वाचनात आला नाही.

ते कुठे जातं ते सांगतो. बगॅस मिलमधून बाहेर पडतो तेव्हा त्यात निम्मं पाणी असतं. ते चिमणीतून हवेत जातं. थोडं प्रेसमडबरोबर जातं. उरलेला सगळा रस इव्हॅपोरेटरमध्ये आटतो. तिथे चार-पाच बॉड्या ओळीने उभ्या असतात. पहिल्या बॉडीत टर्बाइनची वाफ जाते, तिच्या उष्णतेवर रस उकळतो, त्या रसाची वाफ दुसऱ्या बॉडीला उष्णता देते, दुसरीची तिसरीला. उष्णता देता देता वाफेचं पुन्हा पाणी होतं. आम्ही त्याला कंडेन्सेट म्हणतो. पहिल्या बॉडीचं कंडेन्सेट बॉयलरला परत जातं. पुढच्या बॉड्यांचं गरम पाणी मिलवर फवारायला, चुन्याचं पाणी कालवायला, फिल्टरवरचा मड धुवायला, सेंट्रिफ्युगलमध्ये साखर धुवायला वापरता येतं. एवढं करूनही ते उरतं. हंगामाच्या सुरुवातीला एकदा टाक्या आणि तळी भरून घेतली की नीट चालवलेल्या कारखान्याला साखरेपुरतं नदीचं पाणी जवळजवळ लागत नाही. को-जन (बगॅसवरची वीजनिर्मिती) आणि डिस्टिलरीला जास्तीचं लागतं, पण कंडेन्सेट थंड करून, शुद्ध करून त्यांची गरजही बरीचशी भागवता येते. त्यासाठीचं युनिट बाजारात मिळतं, ते चालवणारी माणसं मिळतात. यात रॉकेट सायन्स काही नाही.

मग नदीवरचा पंप हंगामभर का चालू असतो? कारण कंडेन्सेट गरम असतं, त्याला किंचित उग्र वास असतो, ते थंड करायला कूलिंग टॉवर लागतो. नदीचं पाणी मात्र एक बटन दाबलं की येतं. मिलच्या बेअरिंगला थंड पाणी हवं, पंपाच्या ग्लँडला हवं, गंधकाच्या भट्टीला हवं, दे नदीचं. एकदा वापरलेलं हे पाणी तसं स्वच्छच असतं, नुसतं कोमट झालेलं. ते वेगळ्या पाइपने परत फिरवायचं सोडून मिलखालच्या गटारात सोडलं जातं. तिथे ग्रीस, बगॅसचा भुगा आणि सांडलेला रस यांच्याशी त्याची गाठ पडते, आणि जे पाणी फक्त थंड करायचं होतं ते आता शुद्ध करावं लागतं. कारखान्याच्या सांडपाण्यातला निम्मा त्रास या एका आळसाचा असतो, असं माझं मत आहे. दुरुस्तीचा खर्च म्हणाल तर पाइप आणि एक पंप.

आता एक टेस्ट सांगतो. लॅबमध्ये नव्याने लागलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात ती शिकवतात. परीक्षानळीत कंडेन्सेटचा नमुना घ्यायचा, अल्फा नॅप्थॉलचे दोन-चार थेंब टाकायचे आणि नळी तिरकी धरून कडेकडेने सल्फ्युरिक ॲसिड हळूच सोडायचं. पाण्यात साखर असेल तर दोन थरांच्या मध्ये जांभळं वलय उमटतं. साखर नावापुरती असली तरी उमटतं. रसाला फेस येऊन त्याचे शिंतोडे वाफेबरोबर पुढे गेले की कंडेन्सेटमध्ये साखर येते, आणि ते पाणी बॉयलरमध्ये गेलं तर नळ्या खराब होतात. म्हणून ही टेस्ट तासा-तासाला होते. रात्री दोन वाजता पेंगुळलेला लॅब बॉयसुद्धा ती चुकवत नाही. वलय जांभळं दिसलं की फोन जातो, व्हॉल्व्ह फिरतो, बॉयलर वाचतो.

आणि ते साखर लागलेलं पाणी जातं कुठे? गटारीत. बॉयलरच्या तोंडाशी तासाला एकदा होणारी ही टेस्ट कारखान्याच्या शेवटच्या नाल्यावर तशीच तासाला होताना मी फार थोड्या ठिकाणी पाहिली. केमिकल तेच, नळी तीच, पोरगाही तोच. बॉयलरची नळी फुटली तर कारखाना बंद पडतो. नाल्याचं तसं नाही.

साखर म्हणजे काही विष नाही, असं एकदा एका कारखान्याच्या कार्यकारी संचालकांनी मला ऐकवलं होतं. बरोबर आहे, विष नाही. पण पाण्यात गेलेली साखर जिवाणू खातात आणि ती खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. एक किलो साखर पुरती कुजायला साधारण तेवढाच, किलोभर प्राणवायू लागतो. चांगल्या नदीच्या लिटरभर पाण्यात तो आठ मिलिग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे एक किलो साखर लाखाहून अधिक लिटर पाण्याचा प्राणवायू खाऊ शकते. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या लोकांना हे कुठल्याही पुस्तकातून शिकावं लागत नाही. डोहात माशांचा खच तरंगतो, ताज्या मेलेल्या माशांसाठी काठावर झुंबड उडते, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो, प्रदूषण मंडळाचे लोक बाटल्या भरून नेतात. तोवर पाणी पुढे गेलेलं असतं. यात शहरांचं मैलापाणीही असतं, कापडाच्या प्रोसेसचंही असतं, सगळं पाप साखरेच्या माथी मारू नये. पण आपला वाटा नाकारूही नये.

या धंद्याला कचरा संपवता येत नाही असं कुणी म्हणालं तर मी त्याला जुने दिवस सांगतो. मी लागलो तेव्हा बगॅस ही अडचण होती. बॉयलर कमी दाबाचे, वाफ मुबलक वाया जायची, आणि ती गेली तरी कुणाला दुःख नव्हतं, कारण बगॅस जाळून संपवायचाच असायचा. उसाच्या वजनाच्या पन्नास-पंचावन्न टक्के वाफ लागायची. पुढे वीज विकत घेणारा ग्राहक उभा राहिला आणि त्याच कारखान्यांत ६७, ८७, ११० किलो दाबाचे बॉयलर आले, पॅनला शेवटच्या बॉड्यांची वाफ दिली जाऊ लागली, वाफेचा खर्च चाळीस टक्क्यांच्या खाली आला. वाचवलेला प्रत्येक टन बगॅस आता पैसा होता. मळीचंही तसंच. सरकारी नियंत्रणात तिला कवडीमोल भाव होता तेव्हा ती उघड्या खड्ड्यांत साठवलेली असायची. १९९३ मध्ये नियंत्रण उठलं आणि तिला पोलादी टाक्या मिळाल्या. आज इथेनॉलमुळे तिच्या टँकरला कुलूप असतं.

डिस्टिलरीचा स्पेंटवॉश तर या सगळ्यांत बदनाम. एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर निघणारं हे काळं-तपकिरी पाणी. घरगुती सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे ते कुजायला लागणारा प्राणवायू, लिटरला दोन-तीनशे मिलिग्रॅम असतो, याचा चाळीस-पन्नास हजार. एकेकाळी हे पाणी रात्री ओढ्याला जायचं, हे काठचा प्रत्येक माणूस जाणतो. आता त्यातून आधी बायोगॅस काढतात, मग ते आटवतात आणि खास बॉयलरमध्ये जाळतात. उरलेल्या राखेत पोटॅश असतं. आपला देश पोटॅश जवळजवळ सगळं बाहेरून आणतो, त्यामुळे या राखेपासून केलेल्या खताला, किमान १४.५ टक्के पोटॅशच्या अटीवर, सरकारने खत म्हणून मान्यता दिली आणि अनुदानाच्या यादीतही घेतलं. म्हणजे उसाने जमिनीतून ओढलेलं पोटॅश पुन्हा जमिनीत. काल ज्यापायी नोटिसा यायच्या, त्याचीच आज पोती भरली जातात.

या सगळ्यात मला एकच गोष्ट दिसते. ज्याला भाव आला ते कारखान्याने वाया घालवणं थांबवलं, आणि दुसऱ्या कुणी सांगायची गरज पडली नाही. पाण्याला भाव आला नाही, म्हणून ते अजून नाल्यात आहे. पाटबंधारे खात्याची पाणीपट्टी असते, ती नियामक प्राधिकरण ठरवतं, बिलही येतं. पण साखर, वीज आणि इथेनॉलच्या उलाढालीपुढे ते बिल लेखापालाच्या टेबलावर पाच मिनिटंही थांबत नाही.

खरं तर पाण्याचा भाव साखरेत लपलेला आहे. आमच्या लॅबमधून रोज सकाळी डेली मॅन्युफॅक्चरिंग रिपोर्ट निघतो. पहाटे चारची पाळी बदलली की आदल्या दिवसाचे आकडे जुळवायला बसायचं आणि साहेब ऑफिसात यायच्या आत कागद टेबलावर. त्यात साखर कुठे कुठे गेली याचा शंभरावा भाग लावून हिशेब असतो: बगॅसमध्ये इतकी, प्रेसमडमध्ये इतकी, मळीत इतकी. शेवटची ओळ ‘अज्ञात घट’. म्हणजे उसाबरोबर आली, पण कुठे गेली ते सापडत नाही. उसावर ०.१ टक्का अज्ञात घट दिसली तर कुणी भुवई उंचावत नाही. ५००० टनांवर ०.१ टक्का म्हणजे रोजची ५ टन साखर. २०१९ मध्ये ठरलेल्या किलोला ३१ रुपये या किमान दराने धरली तरी दिवसाला दीड लाखाच्या वर. या घटीतली काही साखर उष्णतेने मोडते, काही हिशेबाच्या चुकीत जाते. पण काही कंडेन्सरच्या पाण्यात, गळक्या पंपाखाली आणि फरशी धुतलेल्या पाण्यात असते. नदीत मासा मारणारी साखर आणि रिपोर्टातली अज्ञात साखर, यातली बरीच एकच असते. पाणी मोजा, तपासा, म्हणजे अज्ञातातली बरीच ज्ञात होईल.

‘पाणी मोजणं अवघड आहे हो’, असं मला इंजिनिअरिंगवाले सांगत आले. याच्यासारखी थाप नाही. मिलवर बगॅस धुवायला जे पाणी घातलं जातं, ते साखर कारखान्यात फार पूर्वीपासून वजनावर मोजलं जातं. मोजावंच लागतं. ऊस अधिक पाणी बरोबर रस अधिक बगॅस, हे आमच्या धंद्यातलं पहिलं समीकरण. बगॅसचं वजन त्यावरून काढतात. ते पाणी चुकलं तर साखरेचा सगळा हिशेब चुकतो, म्हणून ते चुकत नाही. जिथे साखरेचा संबंध आहे तिथे पाणी किलोवर मोजायचं आणि जिथे नदीचा संबंध आहे तिथे अंदाजपंचे, हा अवघडपणा कसला?

नियम नाहीत असं नाही. टन उसामागे ४०० लिटर सांडपाण्याची मुभा होती, ती २०१६ मध्ये केंद्राने २०० लिटरवर आणली. नदीत सोडायचं असेल तर बीओडी ३० च्या आत हवा. देशातल्या १७ अतिप्रदूषक उद्योगांत साखर आणि डिस्टिलरी दोन्ही येतात, त्यामुळे नाल्यावर ऑनलाइन मीटर बसले, त्यांचे आकडे थेट मंडळाकडे जातात. मीटर चांगली गोष्ट आहे. पण मीटरला शेजारचा बायपास पाइप दिसत नाही.

आणि नियम पाळतो कोण, तर ईटीपीवरचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पावरचा माणूस. कारखान्यात ज्याला कुठे ठेवावं ते कळत नाही, त्याची ईटीपीवर नेमणूक होते. खरं म्हणजे ते कारखान्यातलं सगळ्यात नाजूक खातं आहे. तिथल्या टाकीत जिवंत जिवाणू असतात. बॉयलर पेटण्याआधी दोन-तीन आठवडे शेणाची स्लरी आणि युरिया घालून त्यांना वाढवावं लागतं. इव्हॅपोरेटर कॉस्टिकने धुतल्यावर ते सगळं पाणी एकदम सोडलं तर ते मरतात. थोडं थोडं सोडावं लागतं. हवा बंद झाली की गुदमरतात. वीज विकायची म्हणून रात्री एरेटर बंद ठेवलेला मी एका ठिकाणी पाहिला आहे. त्या बंद एरेटरशेजारी वृक्षारोपणाचा फलक होता, त्यावर पाहुण्यांचं नाव ताज्या रंगाने लिहिलेलं.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो खरा आहे. कारखान्याच्या २०० लिटरचं काय घेऊन बसलात, शेतात एक टन ऊस पिकवायला दोन लाख लिटरच्या आसपास पाणी जातं. पाटाने भिजवलेल्या फडाचा हिशेब तिथेच पोचतो. सरकारने २०१७ मध्ये उसाला ठिबक सक्तीचं करायचं ठरवलं होतं. आजही किती फडांत पाट वाहतो ते रस्त्याने जाताना दिसतं. मोठी उधळपट्टी शेतातच आहे, यात वाद नाही. पण ती हजारो शेतकऱ्यांच्या हातात विखुरलेली आहे, आणि कर्ज, वीज, पाळीचं पाणी अशा अनेक गोष्टींशी बांधलेली आहे. कारखान्याचं पाणी एका कुंपणाच्या आत आहे, त्याचा व्हॉल्व्ह एका माणसाच्या हाताखाली आहे. शिवाय शेतातलं पाणी खर्च होतं, कारखान्यातलं खर्च होऊन वर दुसऱ्यांचं पाणी नासवतं. ज्या शेतकऱ्याला आपण ठिबक लाव म्हणून सांगतो, त्याने त्याच्याच कारखान्याचा नाला बघून उलट प्रश्न केला तर शेती अधिकाऱ्याने काय उत्तर द्यावं?

उपाय म्हणून मी कुठलीही नवी यंत्रणा सुचवत नाही. पुरस्कार तर मुळीच नकोत. रोजच्या रिपोर्टात चार ओळी वाढवा: नदीतून किती घेतलं, उसातून किती आलं, किती पुन्हा वापरलं, किती बाहेर सोडलं. आणि नाल्यावरच्या टेस्टचा निकाल बॉयलरच्या टेस्टशेजारी लिहा. हे चार आकडे रोज साहेबांच्या टेबलावर गेले की पहिल्याच महिन्यात कुठला पंप गळतो ते कळेल.

दुसरं काम सभासदांचं आहे. प्रत्येक कारखाना दरवर्षी प्रदूषण मंडळाला पर्यावरण विवरणपत्र देतो. त्यात पाण्याचा वापर, सांडपाणी, कचरा, सगळं असतं. ते द्यायची शेवटची तारीख ३० सप्टेंबर. सहकारी कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची मुदतही ३० सप्टेंबर. म्हणजे दोन्ही कागद एकाच ऑफिसात, एकाच महिन्यात तयार होतात. एक मंडळाच्या फायलीत जातो, दुसरा गुळगुळीत कागदावर छापून, संचालकांच्या फोटोंसह तुमच्या घरी येतो. पहिल्या कागदाचं एक पान दुसऱ्यात लावायला खर्च शून्य आहे.

यंदा अहवाल हातात पडला की एफआरपी आणि उताऱ्याची पानं बघून झाल्यावर पाण्याचं पान शोधा. नसेल तर सभेच्या आधी लेखी प्रश्न द्या: नदीतून किती पाणी घेतलं आणि नदीत किती सोडलं? सभासद म्हणून तो तुमचा हक्क आहे. उत्तर लिटरमध्ये मागा.